मंगलाष्टकांच्या वेळी आई कुठं असते

माझ्या लग्नाचा फोटोग्राफर मी स्वतः निवडला, आणि हे मी आजही मान ताठ करूनच सांगते. उमापूरला आमचं कापडाचं दुकान आहे. एखाद्या गिऱ्हाईकानं साड्यांचा ढीग उलगडायला लावून काहीच न घेता काढता पाय घेतला, तरी वडील हसत घड्या घालत बसतात. पण घरच्या पोरीनं दोन-चार स्टुडिओ पालथे घातले, तर लगेच, "हिचे लई नखरे हायत."

नखरे नव्हते. ताईच्या लग्नाचा उशीएवढा जाड अल्बम आमच्या कपाटात आहे. त्यात तालुक्यातले झाडून सगळे पुढारी आहेत. फेटे बांधून घेताना आहेत, माईक धरून आशीर्वाद देताना आहेत, जेवताना तर दोनदा आहेत. आई एकाही पानावर नाही. आमच्यात मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी ती आतल्या खोलीत जाते, आणि कॅमेरे सगळे मांडवात. तो अल्बम बघितला की माझं डोकं फिरायचं.

माझ्या अल्बममध्ये आई असणारच, असं मी ठरवून टाकलं. होणारा नवरा म्हणाला, "आईंना सरळ पुढंच बसवू की." मी आईला विचारलं. ती तूर निवडत होती. सुपातून मानही वर न करता म्हणाली, "तुझ्या संसाराला काही लागंल असं मी करनार न्हाई." तिथं विषय संपला. तिची रीत तिच्यापाशी, मी मोडायला लावणारी कोण? मला फक्त फोटो हवा होता.

काकांनी गेवराईचा एक फोटोग्राफर परस्पर जवळजवळ ठरवूनच टाकला होता. त्याच्याकडं ड्रोन होता, रंगीत धूर होता. त्यानं मोठ्या पडद्यावर आम्हाला ढगांतून खाली उतरणारे नवरा-नवरी दाखवले. मी म्हटलं, "छान आहे. आता या नवरीची आई दाखवा."

तो बराच वेळ माऊस फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई लगीन बघतच नसती ना ताई. मग फोटू कुठून येनार?"

बाहेर आल्यावर काका माझ्यावर तडकले. "कावून अडून बसलीस? सभापतींच्या घरचं लगीन यानंच केलंय!"

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

माजलगावला एक नवरा-बायको मिळून स्टुडिओ चालवतात. डोहाळजेवण, बारसं, शाळेचे फोटो, असली कामं जास्त. त्या बाईंना मी तेच विचारलं. त्यांनी कॉम्प्युटर उघडलाच नाही. उलट मलाच विचारलं, "आई कुठल्या खोलीत बसनार हायत? खिडकी हाय का तिला?"

मी तिथंच तारीख पक्की केली. "आन् ड्रोनचं काय?" काकांनी विचारलं. "ड्रोनला आईची खोली दिसत नाही, काका." ते हळदीपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत.

लग्नात स्टुडिओवाल्या बाईंचा नवरा कॅमेरा घेऊन स्टेजजवळ थांबला आणि बाई आईच्या मागं गेल्या. मी अंतरपाटासमोर उभी होते, मला काय कळणार? कळलं ते अल्बम आल्यावर.

कार्यालयातली ती सामानाची खोली. मागं खुर्च्यांची चळत, पातेली. आई भिंतीकडं तोंड करून उभी आहे. भिंतीपलीकडं मांडव. डोक्यावर पदर, डोळे गच्च मिटलेले, आणि रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता तिच्या हातातून सुटून भिंतीवर पडताहेत. बाई म्हणाल्या, "हरेक 'सावधान'ला टाकीत होत्या. एक बी चुकली न्हाई."

मी रडले, आणि असा अभिमान वाटला की काय सांगू! माझ्या निवडीचा वाटला, पण त्याहून जास्त आईचा. काकांनी तो फोटो पाहिला आणि आपल्या मुलीसाठी स्टुडिओचा नंबर लिहून घेतला.

आई मात्र त्या पानावरच थांबली. फोटोतल्या अक्षतांवरून तिनं बोट फिरवलं.

"माझ्या लग्नात माझी आई कुठल्या खोलीत व्हती, मला ठावंच न्हाई," ती म्हणाली. "तिनं बी टाकल्या असतील का गं?"