गाडीचं दार लागलं

“परत बोल. बोल की! कानाखाली जाळच काढतो.”

“देवगडला वळायचा नांदगावचा तिठा मागं गेला,” क्रांती नवऱ्याला म्हणाली. “आपण चुकलोय. गाडी वळवा.”

“मला रस्ता शिकवतीस? कोल्हापुरातनं हितवर गाडी कुणी आणली, तुझ्या बापानं?” उदयसिंह स्टिअरिंगवरून ओरडला.

मागच्या सीटवर झुंबरबाई नातीच्या, अनुजाच्या शेजारी बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून त्यांच्या मुलानं, उदयसिंहनं, ही एका दिवसाची सहल काढली होती. घाट उतरेपर्यंत सगळं बरं चाललं होतं. कळे गावाच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या, गगनबावड्याला धुकं, मग झाडीतून खाली उतरणारी वळणं. अनुजानं तर गाणीही लावली होती.

कानाखाली जाळ काढण्याची भाषा कोल्हापुरात दिवसातून दहादा होते. मित्राला म्हणतात, पोराला म्हणतात, लाथ मारणाऱ्या म्हशीलाही म्हणतात. कुणी मनावर घेत नाही. झुंबरबाईंच्या नवऱ्यानं मात्र तो एकदा खरोखर काढला होता. आमटी खारट झाली म्हणून. तालमीतला हात, डावा कान कायमचा गेला. सासूनं डॉक्टरांना सांगितलं, म्हशीचं शिंग लागलं. झुंबरबाईंनी मान हलवली.

पुढं त्या कानाचा त्यांनी उपयोग करून घेतला. मुलगा आणि सून भांडू लागली, की त्या डावी बाजू तिकडं करून बसायच्या आणि उजवा कान टीव्हीला द्यायच्या. बावीस वर्षं असं निभावलं. गाडीत तसं वळून बसायला जागा नव्हती.

काजूच्या बागेशी एक माणूस सायकल घेऊन उभा होता. क्रांतीनं काच खाली केली. “पावणं, देवगडचा रस्ता ह्योच काय? मी म्हंते, मागं ऱ्हायला.”

“छ्या! देवगड मागे ऱ्हवला.” तो वाकून उदयसिंहकडं बघत हसला. “तुमची बायल बरोबर सांगता.”

उदयसिंहनं गाडी बंद केली. खाली उतरला, पुढून वळसा घालून आला आणि क्रांतीचं दार उघडून तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. पहिली चपराक कानावर बसली. दुसरीला ती गाडीच्या पत्र्यावर आदळली.

“पप्पा!” अनुजा किंचाळली.

“ओ, काय करतास?” म्हणत सायकलवाला मधे पडला. उदयसिंहनं त्याची गचांडी धरून त्याला सायकलसकट गटारात ढकललं.

क्रांती खाली बसली होती. कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला होता. “आत्या,” ती सासूला म्हणाली, “ह्या कानात नुसती शिट्टी वाजतीया.”

झुंबरबाईंना ती शिट्टी ठाऊक होती. आठवडाभर वाजते. मग तीही थांबते.

देवगडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून कान पाहिला. “पडदा फाटलाय. भरून येईल, नाहीतर ऑपरेशन. ऐकू किती येईल ते आज सांगता येत नाही. कशानं झालं?”

“गाडीचं दार लागलं,” उदयसिंह म्हणाला.

क्रांतीनं खाली बघत मान हलवली. झुंबरबाईंनी ती मान हलताना पाहिली. म्हशीच्या जागी गाडी आली होती, एवढाच फरक.

“दार न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्येनं मारलं. माझा पोरगा हाय. लिवा तसं.”

“आई, गप बस!” उदयसिंहनं त्यांचं मनगट पिरगाळलं. बांगडी फुटून हातात रुतली.

“मोड की! डॉक्टरांसमोरच मोड. त्येबी लिवतील.”

त्यानं हात सोडला. डॉक्टर लिहू लागले.

खिडकीतून समुद्र दिसत होता. “आजी, बघ,” अनुजा रडत रडतच म्हणाली. झुंबरबाईंनी पाहिला. कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याला पलीकडचा काठ दिसतो, ह्याला दिसत नव्हता. मग त्या पुन्हा डॉक्टरांच्या कागदाकडं वळल्या, आणि तो घडी घालून त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला.

परतीला चार तास लागले. दिवेलागणीला गाडी शिवाजी पेठेत घरासमोर थांबली. घर झुंबरबाईंच्या नावावर होतं. कुलूप त्यांनीच काढलं आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“उदय, तू आत यायचं न्हाय. कापडं अनुजा आणून दील. आपली कळंब्याची खोली रिकामी हाय, आजपासनं तू तिथं ऱ्हायाचं. हितं मी, क्रांती आणि पोरगी. उद्या सकाळी धाला क्रांतीला घिऊन मी पोलीस ठाण्यात जाणार हाय.”