बर्फात चाक बांधू नये

दासगावच्या बंदरावर मला सोडायला बा स्वतःची बैलगाडी जुंपून आला होता. आमच्या कापडे गावाहून पहाटे निघालेले आम्ही दुपार टळताना बंदरावर पोचलो. लाँच भरतीची वाट बघत थांबली होती. तेव्हा जोखडावर हात ठेवून बा एवढंच म्हणाला, "मुंबईत कोनाची गाडी हाकशील ती हाक, पन ध्यानात ठेव. चढ बैलांचा, उतार गाडीवानाचा." मला हसू आलं. मुंबईत कुठला आलाय घाट?

बाचं आयुष्य वरंध घाटात गेलं. इकडून तांदूळ घेऊन भोरला चढायचं, तिकडून गूळ-कांदे घेऊन उतरायचं. उताराला त्याची एक रीत होती. एका चाकाच्या आऱ्यांतून दोर ओवायचा आणि ते चाक गाडीच्या साट्याला, त्या लाकडी चौकटीला, आवळून बांधायचं. बांधलेलं चाक फिरत नाही, दगडमातीवरून फरफटत येतं, आणि मग गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. ती गाठ त्याच्यासारखी कुणालाच जमत नसे. घाटातले बाकीचे गाडीवान त्याच्याकडून शिकले होते आणि त्याला त्याचा तोरा होता. का नसावा?

मुंबईत मी मोटारी धुता धुता त्या चालवायला शिकलो. एका साहेबाबरोबर रावळपिंडीला गेलो. साहेब विलायतेला परतला आणि मी तिथंच लारीवर लागलो. पिंडीहून मरीचा डोंगर ओलांडून काश्मीरकडं माल न्यायचा. तुमच्यातले जे गिरणीत किंवा बोटीवर गेले त्यांना सांगायला नको, पोट नेईल तिकडं माणूस जातो.

थंडीत तो रस्ता पांढरा होतो. नाक्यावरचा शिपाई टायरांना साखळ्या बांधल्याशिवाय एकही लारी पुढं सोडत नाही. त्या बांधताना बोटं अशी बधिर होतात की आपलीच आहेत का परक्याची ते कळत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी साखळ्या बांधून एक उतार उतरत होतो. पुढं वळण आलं, खाली दरी. माझ्या अंगात बा संचारला. मी ब्रेक दाबून चाकं जागच्या जागी आवळली. चाकं थांबली, लारी थांबेना. बर्फावरून ती आडवी होऊन दरीकडं निघाली. शेजारी बसलेल्या पठाण उस्तादानं माझ्या पायावर बुक्की मारली आणि ओरडला, "पहिया घूमने दे!" मी पाय उचलला. कडेच्या देवदाराला घासून लारी कशीबशी उभी राहिली. मग त्यानं शिव्या देत देत समजावलं की बर्फात चाक फिरतं राहिलं तरच साखळी चावते. लहान गेरात, पहिल्या-दुसऱ्यात, हळू उतरायचं, चाक बांधायचं नाही.

काही वर्षांनी घरी आलो तेव्हा बाची गाडी खळ्याच्या कडेला टेकवून ठेवलेली होती. महाड-पोलादपूरला मोटारी सुरू झाल्या होत्या, घाटातही चढू लागल्या होत्या. माणसं मोटारीनं जात, मालही मोटारीनं. बाची बैलं आता फक्त शेतात शेणखत ओढत. आणि मी, त्याचा थोरला मुलगा, मोटारच चालवून पोट भरत होतो. खाली मान घालून जेवलो.

आईनं विचारलं, "बरफ म्हंजी कसा रे? अंगनात मीठ सांडल्यावानी?" मी हो म्हटलं. बा मात्र मुद्द्यावर आला. "उताराला काय करतोस?"

मी गाडीकडं बघितलं आणि म्हणालो, "तू शिकवलंस तेच."

बाचा चेहरा असा उजळला की मला माझ्या खोट्याचं पुण्यच वाटलं. मी रजेवर होतो तोवर वाडीत जो भेटेल त्याला तो सांगायचा, "माझा पोरगा बरफातून लारी उतरवतो, ती माझ्या विद्येवर." त्याचा धंदा गेला, तेवढं तरी त्याला राहू दे, असं मी मनाशी म्हणत राहिलो. दर खेपेला घरी आलो की हे खोटं आणखी एकदा बोलायचो. सवय झाली.

मग माझ्या धाकट्या भावाचं, धोंडूचं ठरलं. तो महाडच्या मोटारीवर चालक होता. माझ्या शब्दावर त्याला आमच्याच लारीवाल्यांकडं काम मिळालं, आणि मी त्याला न्यायला आलो. ऐन थंडीत तो त्याच रस्त्यावर उतरणार होता. निघायच्या दिवशी सकाळी बघतो तर बानं खळ्यातली गाडी ओढून उताराला लावलेली. दोर ओवून तो धोंडूला चाक बांधायला शिकवत होता. "मोटारीत दोर नाय, बिरेक हाय, पन अक्कल तीच. उतार आला की चाक आवळायचं. दादा बी बरफात हेच करतो."

मी मनात म्हटलं, वाटेत धोंडूला बाजूला घेऊन सांगू, म्हाताऱ्याला कशाला दुखवा? पण धोंडूनंच मान वर करून विचारलं, "व्हय ना रे दादा? तसंच ना?"

बा माझ्याकडं कौतुकानं बघत होता. आणि धोंडू असा, की बाचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द. तो शब्द बाच्या समोर खोडला नाही, तर कडेलोटाच्या वेळी त्याचा पाय बाचंच ऐकणार. माझ्या पायानं नव्हतं का ऐकलं?

"नाय," मी म्हणालो. "बर्फात चाक बांधलंस तर मरशील. मी बांधलं होतं, थोडक्यात वाचलो. तिथं चाक फिरतं ठेवायचं."

बा दोर हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "मग मला येवढी वर्सं का नाय सांगितलंस?"

त्यानं सावकाश गाठ सोडली, दोर गुंडाळला. धोंडूला म्हणाला, "दादाचं ऐक. माझं हितलं, वरंधातलं." मग माझ्याकडं न बघता, "मोटारीनं माझी गाडी बसवली, त्याचं मला कायी वाटलं नाय. काळ हाय. तू माझी कीव केलीस, त्याचं वाटलं."

धोंडू आज तो रस्ता माझ्याहून सफाईनं उतरतो. साखळ्या पटापट बांधतो, लहान गेरात सुखरूप येतो. दोघं मिळून घरी येतो तेव्हा आई भाकऱ्या थापते, बा आमच्याशी नीट बोलतो. थंडीचं विचारतो, पोटापाण्याचं विचारतो, माझ्या पोरांचं विचारतो. राग म्हणाल तर नावाला नाही. राग असता तर मी पाय धरले असते.

तुम्ही गावी राहिलेले विचारता, घराची आठवण येते का? येते तर. जेवणं झाली की बा ओटीवर बसतो आणि धोंडूला म्हणतो, "सांग रे, त्या वळनाला काय केलंस?" धोंडू सांगतो, बा दहा शंका काढतो, दोघं वाद घालतात, हसतात. मी त्यांच्या शेजारीच बसलेला असतो. मला तो रस्त्याचं काही विचारत नाही.