चकचकणारा चिखल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण माझं कौतुक ऐकून ऐकून आता माझं डोकं फिरतं.

आधी घरचं सांगते. आम्ही वसईच्या खाडीकाठचे. बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबायचा. त्याच्या टाचांच्या भेगा कधी भरल्याच नाहीत. पावसाळ्यात मिठागर बंद, मग घर आईच्या निवट्यांवर. निवट्या म्हणजे चिखलात बिळं करून राहणारे बोटभर मासे. ओहोटी लागली की आई खाडीत उतरायची, बिळात कोपरापर्यंत हात घालायची, आणि मिळतील त्या बाजारात वाटे लावून विकायची. उतरण्याआधी चिखलाचं एक बोट कपाळाला लावायची. मला सांगायची, "चकचकतं तिथं पाय नको ठेवू. खाली पानी लपलेलं असतं. तिवरांच्या मुळांवरून चाल." मीही जायचे तिच्याबरोबर. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही — वास येतो म्हणून.

मी शिकले. घराण्यातली पहिली पदवीधर. मनवेलपाड्यात स्वतःचं घर घेतलं, आईला त्या चिखलातून वर काढलं. याचा मला माज आहे, आणि तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच. कुणी विचारलं की मी सांगायचे — वडील मिठाच्या व्यापारात होते.

अर्नाळ्याहून तेरेखोलपर्यंत, समुद्र उजव्या हाताला ठेवून, अख्खा किनारा पायी चालायचा असं आमच्या ट्रेकच्या ग्रुपनं ठरवलं होतं. सुट्टी मिळेल तसं, तुकड्यातुकड्यानं. सगळ्यांत मोठ्या शुभदाताई. निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या आजारपणात वर्षानुवर्षं घरात अडकल्या, ते गेल्यावर चालायला लागल्या. म्हणायच्या, "एकदा तेरेखोलच्या पाण्यात पाय बुडवू दे गं, मग गुडघे भंगारात दिले तरी चालतील."

शेवटचा एक दिवस राहिला होता. सकाळी एका बाजारातून जाताना रस्त्याकडेला एक बाई तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, वाटे लावून बसली होती. नुकतीच खाडीतून आलेली, हाताला चिखल तसाच. शुभदाताईंनी पदर नाकाला लावला. पुढे गेल्यावर म्हणाल्या, "ह्यांना स्वतःचा वास येत नाही का गं?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मी.

दुपारी शिरोड्याच्या अलीकडे एक लहान खाडी आडवी आली. पूल लांबच्या वळशावर, आणि ओहोटी होती. शुभदाताई म्हणाल्या, "इथूनच जाऊ, पलीकडचं झाड तर दिसतंय." मी काठावर वाकले, आणि माझा हात आपोआप — चिखलाचं बोट कपाळाला लागलं.

"हे काय गं?"

"काही नाही. घाम."

समोर चिखल चकचकत होता. डावीकडे तिवरांची मुळं होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — ताई, डावीकडून.

इथे मी म्हटलं की लाजेनं गप्प बसले, तर तुम्ही मला माफ कराल. तुला कसं कळलं, असं कुणी विचारेल म्हणून भ्याले, असंही म्हणता येईल. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. खोटं आहे ते. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते — जा. उतर. लागू दे तुझ्याही अंगाला तो वास.

त्या उतरल्या. मांडीपर्यंत गेल्या. घाबरून पाय ओढला, आणि गुडघा आतल्या आत फिरला. तो आवाज मी ऐकलाय.

मग मीच पोटावर आडवी झाले, त्यांच्या पायाभोवतीचा चिखल हातानं उपसला, हवा शिरू दिली, त्यांना सोडवलं. सगळे बघतच राहिले. कुठे शिकलीस? मी म्हटलं, व्हिडिओ पाहिला होता. आईनं शिकवलेलं, आणि मी त्याचंही श्रेय मोबाइलला दिलं. याची चीड मला पहिल्या गोष्टीइतकीच येते.

शुभदाताईंना तिथूनच गाडीनं परत आणलं. ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. आणि सगळ्यांना सांगतात — हिनं मला वाचवलं, पोटच्या मुलीनं केलं नसतं.

गेल्या दिवाळीत त्या आमच्याकडे आल्या. आईनं त्यांचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं. विचारलं, "कसं झालं ओ बाई?" त्यांनी सगळं सांगितलं. खाडी, ओहोटी, चकचकणारा चिखल. आई चोळायची थांबली. मग परत चोळू लागली. नंतर स्वयंपाकघरात, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तू व्हतीस ना तिथं?"

"मागे होते," मी म्हटलं.

मागे नव्हते. हात लांबवला असता तर त्यांची पिशवी धरता आली असती.

खाडीतल्या त्या दुपारनंतर, दुसऱ्याच दिवशी मी तेरेखोलला पोचले होते. पाण्यात पाय बुडवले, फोटो काढला. तो हॉलमध्ये लावलेला आहे. अर्नाळा ते तेरेखोल मी पायी पूर्ण केलं. आमच्या घरातून एवढं कुणी चाललेलं नाही. शुभदाताईंचं एका दिवसाचं राहिलं.