चार फूट दहा इंच

पन्नास सालानंतर काही वर्षं ठाण्याच्या मैदानावर मुलांच्या फुटबॉलचे सामने होत. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, शहाड एवढ्या पट्ट्यातले संघ येत. वयाची अट नव्हती, उंचीची होती. चार फूट दहा इंचांवरच्या मुलाला खेळता येत नसे. कारण साधं होतं. शाळेत नाव घालताना निम्म्या मुलांची जन्मतारीख मास्तरांनीच ठरवलेली असे, आणि जी मुलं शाळेत जात नव्हती त्यांना तीही नव्हती. आपला मुलगा कोणत्या साली झाला हे विचारलं तर खाडीकाठचे लोक सांगत, बांध फुटला त्या साली. बांध बऱ्याचदा फुटत असे.

उंची मोजण्यासाठी मैदानाच्या कडेला लाकडी चौकट पुरलेली होती. वरच्या आडव्या दांडीला मधोमध एक घुंगरू टांगलेलं असे. सामन्याआधी दोन्ही संघांतली मुलं अनवाणी, एकेक करून त्याखाली उभी राहत. ठाण्याच्या एका शाळेतले ड्रिलमास्तर बाजूला उभे असत. त्यांच्या हातात कागद नसे, फूटपट्टी नसे. घुंगरू वाजलं की मुलगा बाहेर, न वाजलं तर आत. त्यावर दाद मागायची सोय नव्हती. मोजणी चालू असताना लोक घुंगरू ऐकू यावं म्हणून गप्प बसत. सामना चालू झाला की मग कोणी गप्प बसत नसे.

आमचा संघ कळव्याचा. कळव्यात तेव्हा जुनं गाव होतं, मिठागरांवर काम करणाऱ्या आगरी लोकांचं. आणि ठाण्याच्या रस्त्याला दोन चाळी होत्या. चाळींत देशावरून, कोकणातून आलेली कारकुनांची बिऱ्हाडं राहत. दोन्हींमध्ये भांडण नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. गावातल्या बायका चाळीच्या दारात मीठ, भाजी विकत आणि दारातूनच परत जात. संघात मात्र दोन्हीकडची मुलं होती, कारण एकट्या चाळीतून किंवा एकट्या गावातून संघ पुरा होत नव्हता. संघाची व्यवस्था माझे वडील पाहत. ते ठाण्याला कचेरीत कारकून होते.

आमचा गोलकीपर गावातला होता. सगळे त्याला गोली म्हणत. आईवडील नव्हते, आत्याने वाढवलेला. तो मिठागरावर टोपल्या वाहत असे आणि चेंडूवर अशी झडप घालत असे की पलीकडच्या संघाचे लोकही टाळ्या देत. त्या वर्षी उपांत्य सामन्याआधी तो चौकटीखाली उभा राहिला तेव्हा घुंगरू हललं, पण वाजलं नाही. ड्रिलमास्तरांनी त्याला पुन्हा उभं केलं. पुन्हा हललं.

"आज जा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी काय होईल ते मी सांगू शकत नाही."

सामना आम्ही जिंकलो. पुढच्या रविवारी कल्याणशी अंतिम सामना होता. खाडीवरच्या पुलावरून आम्ही कळव्याला परत आलो. चाळीजवळ आल्यावर गोली मला म्हणाला, "पुढच्या सालाचा मना ठाव हाय रं, मी नसनार. पन ही फायनल मी खेलनार."

त्या आठवड्यात कळव्यात दुसरा विषय नव्हता. फुटबॉल कधी न पाहिलेल्या बायका मीठ मापता मापता गोलीची उंची विचारू लागल्या. चाळीतली म्हातारी माणसं ओट्यावर बसून सल्ले देत. कोणी म्हणे केस काढा, आणि ते खरोखर काढले गेले. एकाने पोटभर जेवण देऊ नका असं सुचवलं. त्यावर गावातला एकजण म्हणाला, "त्याला पोटभर भेटतं कवा, काका?" ओट्यावरचे सगळे हसले, काकाही हसले.

वडिलांनी ठाण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत थोडा खाली बसतो, असं त्यांनी सांगितलं. सामना संध्याकाळचा होता. वडिलांनी गोलीला बोलावून बजावलं, की शनिवारी रात्री झोपायचं नाही, रविवारी क्षणभरही आडवं व्हायचं नाही. आत्याचं निदान वेगळं होतं, आणि तिने ते कोणाला विचारलं नव्हतं. मिठाच्या टोपल्या डोकीवर वाहून तिच्या ओळखीची सगळी माणसं बुटकी राहिली होती. तिने रविवारी पहाटेपासून गोलीला मिठागरावर लावलं. एकाला दुसऱ्याचा उपाय माहीत नव्हता. गोलीने दोन्ही केले.

रविवारी कळव्यातून मैदानावर इतकी माणसं आली की ड्रिलमास्तरांनी दोर मागे सरकवायला लावला. बायकाही आल्या होत्या. गोली चौकटीकडे चालू लागला तसे कल्याणचे मुलगे ओरडले, "ए ताडा, वाकून ये!" "गुडघे बघा मास्तर, गुडघे!"

"टाचा टेकव. मान वर," ड्रिलमास्तर म्हणाले.

सगळं मैदान शांत झालं. गोलीने मान वर केली. घुंगरू हललंही नाही.

कळवेकरांनी केलेला आरडाओरडा जिंकलेल्या संघालाही शोभला असता. माझ्या वडिलांनी शेजारच्या माणसाला मिठी मारली. तो मिठागरावरचा मुकादम होता. त्याआधी दोघं एकमेकांशी बोलल्याचं मला माहीत नाही.

सामना आम्ही हरलो. उत्तरार्धात कल्याणच्या मुलाने दुरून उंच चेंडू मारला. गोली जागेवर होता, चेंडू त्याच्या आवाक्यातला होता. पण त्याची मान वर गेलीच नाही, हातही खांद्यापर्यंत जाऊन थांबले. चेंडू डोक्यावरून जाळ्यात गेला. तो एकच गोल झाला.

दोघांचे उपाय मैदानावरच उघड झाले, आणि भांडण पुलावर सुरू झालं.

"बाई, सामन्याच्या दिवशी पोराला ओझी वाहायला लावतात का?" वडील आत्याला म्हणाले.

"आन झोपू नको कोनी सांगितलेला? मी? पोरगा उभ्या उभ्या पेंगत व्हता, भावसाहेब!"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मंग डॉक्टरला उभा कराचा होता गोलात."

पूल संपेपर्यंत दोघं थांबले नाहीत. चाळीतले काही आत्याच्या बाजूने बोलत होते, गावातले काही वडिलांच्या. पुढे वृत्तपत्रात अनेक वर्षं मी अशा स्पर्धांच्या बातम्या दिल्या. निकाल, गोल करणाऱ्याचं नाव, बक्षीस देणाऱ्या पाहुण्याचं नाव, एवढंच त्यांत बसत असे. हरल्याचा दोष कोणाचा यावर दोन वस्त्या सारख्याच चढ्या आवाजात, अंतर न ठेवता भांडल्या, ही बातमी होत नाही. पण परक्या माणसाशी कोणी असं भांडत नाही. त्याआधी त्या दोन वस्त्यांचं भांडावं असं सामाईक काही नव्हतं.

गोली मागे चालत होता. तो एवढंच म्हणाला, "खेललो ना पन."

दुसऱ्या दिवशी त्याला मान वळवता येईना. आईला कळलं तेव्हा तिने तेल गरम केलं, वाटी पदराखाली धरली आणि मला घेऊन गावात गेली. चाळीतली बाई गावातल्या घरात शिरताना मी तोवर पाहिली नव्हती. आत्याने पाट सरकवला. गोली पालथा पडला होता. आईने हळूहळू मानेला तेल लावायला सुरुवात केली. आत्या थोडा वेळ उभी राहून पाहत होती.

"जोरान चोला, वयनी," ती म्हणाली. "आता वारला तरी चालंल." गावच्या बोलीत 'वाढला'चं 'वारला' होतं हे न कळून आईचा हात थांबला. "वाढला, म्हनते मी, उंचीनं."

गोली तोंड चटईत खुपसून हसला, आणि मान दुखली म्हणून ओरडला.