वीस मिनिटांचं चिकन

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या घरी चिकन वीस मिनिटांत झालं. कृती तिनंच फोनवर सांगितली होती. बिनहाडाचे दोन तुकडे मीठ-मिरी लावून तापलेल्या तव्यावर ठेवायचे, एका बाजूनं तांबूस झाले की उलटायचे आणि शेवटी त्याच तव्यात बटर वितळवून लिंबू आणि मोसंबी पिळायची. मी ती जादूगाराच्या थाटात पिळली. तवा फुसफुसला, वास दरवळला आणि खेळ संपला!

"झालं?" बायकोनं तव्यात वाकून पाहिलं. "अहो, खोबरं भाजलं नाही, वाटण नाही, आपलं भांडणसुद्धा झालं नाही. शिजलंय का नक्की?"

शिजलं होतं. आंबटगोड आणि चक्क रसाळ. आम्ही ते निमूटपणे खाल्लं आणि घड्याळात पाहिलं, तर साडेअकरा. तिथं मी गोंधळलो. एरवी रविवार रश्श्यातच संपायचा. एकानं कांदा चिरायचा, दुसऱ्यानं चव बघायची, आणि बोलणं आपोआप व्हायचं. ते बोलणं आमचं होतं की त्या पातेल्याचं?

"काहीतरी सांगा ना," ती म्हणाली.

मी सरसावून बसलो. "आमच्या हॉस्टेलचा मेसवाला..."

"ऐकलाय."

"बरं, तो घोड्यावरून पडलेला नवरदेव..."

"दहादा. न ऐकलेलं सांगा."

चारचौघांत तासन्‌तास गप्पा रंगवणारा मी, पण मला काही सुचेना. ती मात्र उठली नाही. हनुवटीखाली तळहात ठेवून, लग्नाआधी बसायची तशी, वाट बघत बसली.