आठ दिवसांचा अर्क

आमच्या तांबटांच्या घरात बोरू हाती धरणारा मी पहिलाच. अशा माणसाने आपल्या गुरूविषयी लिहायला बसावं, हे धारिष्ट्यच आहे. पण पंतांना मूलबाळ नव्हतं, आणि लिहील असं दुसरं कोणी मला दिसत नाही. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

नारोपंत वैद्य कसब्यात राहत. त्यांचा पोटदुखीवरचा अर्क श्रीमंतांच्या वाड्यावरही जाई. अर्क काढायचा तांब्याचा भबका माझ्या वडिलांनी घडवलेला. त्या ओळखीवर पंतांनी मला अक्षर आणि औषधी शिकवायचं कबूल केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी नागझरीकाठचा रानपुदिना चुरगळून माझ्या नाकाशी धरला.

"सांग, कसा वास येतो?"

मी घाबरून मागे सरलो.

"अरे, नाक आहे की शोभेला लावलंय?"

कसा वास येतो, हे ते सगळ्यांना विचारत. रोग्याला, शेजारणीला, दारात आलेल्या गवळ्यालाही. आम्हाला वाटे, पंत परीक्षा घेतात.

ते सांगत, "या पानात दोन तेलं राहतात. एक गार, पोट निववणारं. फुलोरा आला की दुसरं चढतं, ते उग्र. ते अंगात भिनलं की माणूस पिवळा पडतो. काही झाडं तर फुलाआधीच उग्र निघतात. डोळ्यांवर विसंबू नकोस." नवा अर्क आठ दिवस ते स्वतः घेत, मगच रोग्याला देत. कोणी हसलं तर म्हणत, "अहो, मारायचंच तर आधी ओळखीच्याला मारावं."

एका दुपारी भबक्यातलं पाणी आटून पाला जळाला. शेजारीण नाकाला पदर लावून धावत आली. "अहो पंत, घर पेटलं की काय!" पंत भबक्याकडे पाठ करून शांतपणे सुंठ कुटत होते.

ती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तीन वर्षं झाली. एका पडशात वास गेला तो गेलाच. माझंच नाक शोभेचं आहे रे. कळलं तर कोण येईल या दारात?"

मी कोणाला सांगितलं नाही. पुढे पुदिन्याची प्रत्येक जुडी मी हुंगायचो आणि उग्र ती बाजूला टाकायचो.

मग साताऱ्याला छत्रपतींच्या दफ्तरात मला कारकुनी मिळाली. वडिलांनी आळीभर गूळ वाटला. मी पंतांना विचारलं, "तुमचं कसं होईल?"

"जा तू. विचारतोच आहे की मी सगळ्यांना."

लोक काय उत्तर देत, ते मला ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या वैद्यासमोर प्रत्येक जण एकच म्हणे, "छान येतो हो." तरी मी गेलो.

कार्तिकात आमच्या आळीतले गणूकाका भांडी विकायला साताऱ्यात आले.

"तुझे पंत गेले रे. डोळे हळदीसारखे झाले होते."

मी कसंबसं विचारलं, "नवा अर्क काढला होता? कोणाला दिला?"

"काढला होता. पण दिला नाही कोणाला. आठ दिवस कुठे भरले होते?"