बावीस वर्षांच्या मला समजावताना

नात मला कोथरूडच्या एका कॅफेत खेळायला घेऊन गेली. आपापलं पात्र घेऊन काळात मागेपुढे जायचा खेळ होता. तो चालवणारे गृहस्थ चाळिशीचे, टक्कल पडलेले. प्रत्येकाचं वय ते वहीत पेन्सिलीने लिहायचे आणि खेळात वेळ सरला की खोडून वाढवायचे.

मी माझंच पात्र घेतलं आणि थेट बावीस वर्षांच्या मला गाठलं. या बाईने नाशिकची चांगली नोकरी केवळ पुण्याबाहेर म्हणून नाकारली होती. ती घ्यायला लावायचीच, असं ठरवून गेले.

गृहस्थांनी मला तिच्याबद्दल दोन प्रश्न विचारले आणि ते तीच झाले. हनुवटी वर करून म्हणाले, "आजीबाई, मी सल्ला मागितल्याचं आठवत नाही."

हुबेहूब मीच. तासभर डोकं फोडलं, तरी बाईसाहेब ढिम्म.

शेवटी त्यांनी वहीतलं माझं वय खोडून लिहिलं, 'बहात्तर वर्षं, एक तास.' म्हणाले, "आजी, भूतकाळात घालवलेला वेळही तुमच्याच वयात धरायचा."

"मग या शहाणीला राहू दे पुण्यात," मी म्हटलं. "मला पुढे न्या. नाशिकला मीच जाते."